स्फूर्तीची कैफियत आणि तारखांची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते, त्यातला निदान अर्धा भाग संगीताविषयी नसतो. तो संगीत रचणाऱ्यांच्या प्रेमभंगांविषयी, त्यांच्या क्षयाविषयी, आणि अमुक रचना कागदावर उतरली त्या रात्री खिडकीबाहेर पाऊस पडत होता की चांदणे होते याविषयी असतो. बेथोवेनच्या सोनाटात सरोवरावरील चंद्रप्रकाश आहे, शोपाँच्या प्रेल्यूडमध्ये मठाच्या छपरावरून गळणारे थेंब आहेत, बर्लिओझच्या सिम्फनीत एका आयरिश नटीपायी झालेली त्याची दशा आहे, असे सांगितले म्हणजे श्रोत्याला काही कळल्यासारखे वाटते, सांगणाऱ्याला काही सांगितल्यासारखे वाटते, आणि मधल्यामध्ये संगीत बिचारे न ऐकताच निभावून जाते.

या समजुतीमागे एक सिद्धान्त उभा आहे, आणि तो खोडून काढावयाचा तर आधी तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सिद्धान्त असा की, रोमँटिक युगापूर्वीचा स्वरकार हा पदरी बाळगलेला चाकर होता. हायडनने एस्टरहाझी घराण्याची वर्दी अंगावर घालून धन्याच्या फर्माइशीबरहुकूम सिम्फन्या आणि ऑपेरे पुरवले, मग त्यात त्याच्या अंतःकरणाचा संबंध येवो अथवा न येवो. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ही चाकरी हळूहळू सुटली, स्वरकार स्वतःचा धनी झाला, आणि तेव्हापासून त्याने जे लिहिले ते स्वतःच्या जीविताचे निवेदन म्हणून लिहिले. सबब त्याच्या संगीताचे मूळ शोधावयाचे तर त्याच्या खाजगी आयुष्याचे दप्तर उघडावे. शिवाय या पक्षाच्या बाजूने साक्षीला उभे राहतात ते कोणी ऐरेगैरे नव्हेत, खुद्द स्वरकार आहेत. बर्लिओझने आपल्या सिम्फनीची कथा छापून श्रोत्यांच्या हाती दिली. चायकोव्हस्कीने आपल्या चौथ्या सिम्फनीतील दैवाचा अर्थ नादेझ्दा फॉन मेक या आश्रयदात्रीला पत्राने कळवला. स्मेतानाने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या आपल्या रचनेला ‘माझ्या जीवनातून’ असे नावच देऊन टाकले. कर्त्याची कबुली समोर असताना आणखी पुरावा कशाला, असा या पक्षाचा सवाल आहे, आणि तो दिसतो तितका दुबळा नाही.

तरीही माझे म्हणणे असे की, कबुली ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, विशेषतः ती कृत्यानंतर, कोणाच्या तरी आग्रहावरून किंवा श्रोत्यांची गर्दी व्हावी म्हणून दिलेली असते तेव्हा. आणि या रचनांच्या तारखा, हस्तलिखिते आणि करारमदार एकमेकांशेजारी लावून पाहिले असता वारंवार असे आढळते की संगीत आधी आलेले आहे व त्याची स्फूर्ती मागाहून.

आरंभ चांदण्यापासूनच करू. १८०१ साली पुऱ्या झालेल्या आणि पुढल्या वर्षी काउंटेस ज्युलिएट्टा ग्विच्चार्दी हिला अर्पण करून छापलेल्या त्या सोनाटावर बेथोवेनने स्वतः नोंदवले ते इतकेच की ही रचना फँटसीच्या धर्तीवरची आहे, म्हणजे सोनाटाच्या रूढ आराखड्यात न बसणारी, संथ भागाने सुरू होऊन वादळी भागात संपणारी. चांदणे त्यात आणले ते बर्लिनच्या लुडविग रेल्श्टाब या टीकाकाराने, ज्याला पहिला भाग ऐकून ल्यूसर्न सरोवरावरील चंद्रप्रकाश आठवला. बेथोवेनने ते सरोवर जन्मात पाहिले नव्हते. आणि नाव लोकांत रूढ झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, त्यामुळे त्याला हरकत घेण्याची सोयच उरली नाही. हाच रेल्श्टाब पुढे शूमानच्या ‘बालदृश्ये’ या १८३८ सालच्या लहान लहान पियानोरचनांवर लिहावयास बसला, आणि शूमानने एखादे रडते मूल समोर बसवून त्याला साजेसे स्वर शोधले असावेत अशी त्याने कल्पना केली. शूमान मात्र त्या वेळी हयात होता. १८३९ च्या सप्टेंबरात आपला जुना शिक्षक हाइन्रिश डोर्न याला लिहिलेल्या पत्रात त्याने या परीक्षणाचा समाचार घेतला: क्रम नेमका उलटा आहे, रचताना काही बालकांचे चेहरे नजरेपुढे तरळले हे तो नाकारीत नाही, पण शीर्षके मागाहून सुचली आणि वाजवणाऱ्याला दिलेल्या सूक्ष्म सूचनांपलीकडे त्यांना अर्थ नाही. मेलेला स्वरकार आणि जिवंत स्वरकार यांच्यात टीकाकाराच्या दृष्टीने केवढे अंतर असते, हे या दोन प्रकरणांवरून ध्यानी यावे.

रेल्श्टाबची गोष्ट फार तर विनोदी म्हणून सोडून देता येईल. शोपाँची गोष्ट तशी सोडता येत नाही, कारण तिथे साक्षीदार घरचा आहे. १८३८ च्या हिवाळ्यात शोपाँ आणि कादंबरीकर्ती जॉर्ज सँड तिच्या दोन मुलांसह मायोर्का बेटावरील वाल्देमोसाच्या ओसाड मठात राहिली, तिथे शोपाँची प्रकृती ढासळली, आणि तिथेच त्याच्या चोवीस प्रेल्यूडांचा संग्रह पुरा झाला. सँडबाईंनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, पाल्मा गावाहून मुलासह तुफान पावसात रात्री उशिरा परतल्यावर त्यांना शोपाँ पियानोशी रडत बसलेला दिसला. आपण तळ्यात बुडून गेलो आहोत व छातीवर गार थेंब तालात पडत आहेत असा त्याला भास झाला होता. या हकिकतीतून डी फ्लॅट मेजरमधील पंधराव्या प्रेल्यूडला ‘पावसाचे थेंब’ हे नाव चिकटले, आणि आता ते सुटणे कठीण. परंतु ही जबानी नीट वाचणारे थोडे. ती छापली गेली १८५५ च्या सुमारास, म्हणजे शोपाँच्या मृत्यूला पाच-सहा वर्षे लोटल्यावर आणि त्या दोघांचे बिनसून त्याहून अधिक काळ झाल्यावर. प्रेल्यूड नेमके कोणते, हे तीत सांगितलेले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छपरावर खरोखरच पडत असलेल्या थेंबांकडे बाईंनी लक्ष वेधले तेव्हा शोपाँ चिडला, निसर्गाच्या आवाजांची नक्कल करण्याचा आरोप त्याने धुडकावून लावला, असे त्याच जबानीत पुढे नमूद आहे. ज्या साक्षीदारावर सारी भिस्त, त्यानेच प्रतिपक्षाची बाजू नोंदवून ठेवलेली आहे.

आता दुसरे कागद पाहू. या प्रेल्यूडांचा सौदा पॅरिसचा प्रकाशक व पियानोचा कारखानदार कामिय प्लेयेल याच्याशी २००० फ्रँकांना ठरला होता आणि त्यापैकी ५०० फ्रँकांची उचल शोपाँने बेटाकडे निघण्यापूर्वीच घेतली होती. म्हणजे पावसाचा पहिला थेंब पडण्याआधी पावसाचे पैसे घेऊन झाले होते. प्लेयेलने धाडलेला पियानो पाल्माच्या जकातवाल्यांनी अडकवून ठेवला, घासाघीस होऊन सुमारे ३०० फ्रँक भरल्यावर तो जानेवारीत मठात पोहोचला, आणि तोवर बहुतेक काम तिथल्या एका सामान्य पियानोवर उरकले होते. त्या मठातून डिसेंबरात मित्र फोंताना याला लिहिलेल्या पत्रात शोपाँने आपल्या कोठडीचे जे वर्णन केले आहे, त्यात त्याच्या जवळच्या मोजक्या चीजवस्तूंमध्ये स्वतःच्या खरडलेल्या कागदांबरोबर बाखचा उल्लेख आहे. इथे खरी किल्ली आहे. बाखने चोवीसही स्वरपट्ट्यांत प्रत्येकी एक प्रेल्यूड आणि एक फ्यूग लिहून जो ग्रंथ सिद्ध केला, त्याला हे एका पियानोवादकाने दिलेले उत्तर आहे. फरक इतकाच की बाख एकेक अर्धस्वर वर चढत जातो, आणि शोपाँ पंचमापंचमाने पुढे सरकत प्रत्येक मेजर पट्टीशेजारी तिची नात्यातली मायनर पट्टी बसवतो. पंधराव्या स्थानी डी फ्लॅट मेजर येते ती या हिशेबाने येते. मायोर्काच्या पर्जन्यमानाशी तिचा संबंध नाही.

आणि तो वारंवार वाजणारा स्वर? तो त्या पट्टीचा पंचम आहे. मराठी श्रोत्याला याची वेगळी फोड करून सांगण्याची गरज पडू नये, कारण जुळवलेल्या तंबोऱ्यातून मागे अखंड झरत राहणारा पंचम तो जन्मभर ऐकत आलेला असतो. मधल्या भागात शोपाँ मेजरमधून मायनरमध्ये शिरतो; कागदावर पट्टीचे नाव बदलते, डी फ्लॅटचा सी शार्प आणि ए फ्लॅटचा जी शार्प होतो, पण बोटाखालची काळी पट्टी तीच राहते: षड्ज तोच, पंचमही तोच, केवळ भोवतालचे गंधार, धैवत, निषाद कोमल होतात आणि मघाचा प्रसन्न स्वर भयाण वाटू लागतो. एकच स्वर न हलवता त्याच्याभोवतीचे जग बदलण्याची ही करामत ज्याने ऐकली, त्याला छपराची गळती सांगून आपण काय अधिक दिले? उलट त्याचे काढून घेतले. १९४५ साली हॉलिवूडने शोपाँवर ‘अ साँग टु रिमेंबर’ हा चित्रपट काढला, त्यात तर तो वाजवीत असताना पियानोच्या पट्ट्यांवर रक्त सांडते. स्फूर्तिवादाची ही तार्किक परिणती आहे, आणि ज्यांना ती भडक वाटते त्यांनी थेंबांची कथा सांगताना आपणही त्याच वाटेवर चार पावले अलीकडे उभे आहोत हे विसरू नये.

बर्लिओझ हा प्रतिपक्षाचा हुकमी एक्का. ११ सप्टेंबर १८२७ रोजी पॅरिसच्या ओडेआँ नाट्यगृहात त्याने हॅरिएट स्मिथसन हिला ऑफेलियाच्या भूमिकेत पाहिले, तिच्यासाठी तो वेडापिसा झाला, आणि ५ डिसेंबर १८३० रोजी त्याची ‘सिम्फनी फँतास्तिक’ प्रथम वाजली, जिच्यात प्रेयसीची एक धून पाचही भागांतून नायकाचा पाठलाग करते. इथवर सारे खरे. पण ती धून आली कुठून? १८२८ साली रोमच्या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेसाठी, परीक्षकांनी नेमून दिलेल्या शब्दांवर, त्याने ‘एर्मिनी’ नावाची कांताता लिहिली व दुसरे पारितोषिक मिळवले. प्रेयसीची धून त्या परीक्षेच्या पेपरात आहे. वधस्तंभाकडे जाणारी कूच आली ती रंगभूमीवर कधीच न आलेल्या त्याच्या ‘फ्राँ-जुज’ या ऑपेराच्या बाडातून. पहिल्या भागाच्या आरंभीची उदास चाल त्याने बालपणी केलेल्या एका गीताची आहे, हे त्याने आठवणींत स्वतःच सांगितले आहे, आणि त्या गीतामागे असलीच तर एस्तेल नावाची निराळीच मुलगी होती. उरला तिसरा भाग, शेतातला, जो सर्वांत विरही आणि म्हणून हॅरिएटच्या सर्वांत जवळचा मानला जाई. १८२४ सालचा आपला ‘मेस सोलानेल’ हा धार्मिक संगीतग्रंथ आपण जाळून टाकला असे बर्लिओझ सांगत असे. तो १९९१ साली अँटवर्पच्या एका चर्चमध्ये सापडला, आणि त्यात ईश्वराचे आभार मानणाऱ्या शब्दांना हीच चाल लावलेली निघाली. म्हणजे हॅरिएट पॅरिसात पाऊल ठेवण्यापूर्वी तीन वर्षे तिचा विरह लिहून तयार होता!

या उलगड्याने बर्लिओझ लबाड ठरतो असे कोणी मानू नये. तो कारागीर ठरतो, आणि माझ्या लेखी ही पदवी मोठी आहे. जुने सामान त्याने का उपसले, आणि त्या सामानाची सिम्फनी कशी झाली, याचे उत्तर नाट्यगृहापेक्षा वाद्यवृंदाच्या सभागृहात अधिक सापडते. १८२८ च्या मार्चात आबनेक या संचालकाने पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत बेथोवेनच्या सिम्फन्या वाजवण्यास प्रारंभ केला, आणि ऑपेराखेरीज दुसरे मोठे संगीत न ओळखणाऱ्या त्या तरुणाला प्रथमच कळले की शब्दांवाचून, केवळ वाद्यांनी, एवढे नाटक उभे करता येते. मेघगर्जनेसाठी चार वादकांना दुंदुभींवर बसवणे, सनईच्या कुळातील चिरक्या छोट्या क्लॅरिनेटकडून प्रेयसीच्या धुनेचे विडंबन करवणे, व्हायोलिनच्या तारांवर गजाच्या लाकडाने टोले मारून हाडे वाजल्याचा भास निर्माण करणे, या गोष्टी हॅरिएटकडे पाहून सुचत नाहीत. त्या वाद्ये आणि वादक यांचा रात्रंदिवस विचार करणाऱ्याला सुचतात. आणि एक गंमतीची नोंद: ज्या डिसेंबरात ही सिम्फनी प्रथम वाजली त्या डिसेंबरात बर्लिओझचा वाङ्निश्चय कामिय मोक नावाच्या पियानोवादिकेशी झालेला होता, जी पुढल्याच वर्षी त्याला सोडून प्लेयेलशी विवाहबद्ध झाली, होय, त्याच प्लेयेलशी, ज्याचा पियानो पुढे जकातीत अडकला.

लिस्टचे प्रकरण थोडक्यात आटोपते. ‘ले प्रेल्यूद’ हे त्याचे स्वरकाव्य लामार्तीनच्या कवितेतून स्फुरले असे कार्यक्रमपत्रिकांत छापून येते. वस्तुतः ते जोझेफ ओत्राँ याच्या शब्दांवर केलेल्या ‘चार तत्त्वे’ या समूहगीतांच्या प्रास्ताविकासाठी जुळवलेले संगीत होते, आणि लामार्तीनचे नाव त्याला मागाहून लावले गेले. वाग्नरने तर आपल्या आत्मचरित्रात लिहिले की, झुरिकजवळच्या नव्या निवासात १८५७ सालच्या गुड फ्रायडेच्या सकाळी सूर्यप्रकाशाने जाग येऊन त्याला ‘पार्सिफाल’ची कल्पना सुचली. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला होता आणि वाग्नर त्या घरात राहावयास गेला २८ एप्रिलला. पुढे त्याने स्वतःच पत्नीजवळ हसत मान्य केले की तो गुड फ्रायडे नव्हताच, आणि कोझिमाबाईंनी ते इमानेइतबारे रोजनिशीत टिपून ठेवले.

यावर असे म्हटले जाते की तारखा चुकल्या तरी भावना चुकत नाही. दुःखी मनातून दुःखाचे संगीत येते, हा सामान्य नियम तरी खरा असेलच. तोही नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात बेथोवेनने हायलिगेनश्टाट येथे आपल्या वाढत्या बहिरेपणाविषयी भावांना उद्देशून ते विदीर्ण करणारे मृत्युपत्र लिहिले, आणि त्याच वर्षी तो दुसरी सिम्फनी पुरी करीत होता, जी डी मेजरमध्ये आहे आणि जिचा शेवटचा भाग थट्टेखोर आहे. चायकोव्हस्कीला लोक आसवांचा स्वरकार मानतात; त्याने फॉन मेकबाईंना १८७८ साली कळवले होते की काम करण्याची लहर येण्याची वाट पाहणारा माणूस आळसात बुडतो, म्हणून लहर नसली तरी कलावंताने कामाला बसावे, आणि स्फूर्ती येते ती स्वतःच्या नाखुशीवर मात करणाऱ्याकडे. चौथ्या सिम्फनीचा तो दैववादी अर्थही, लक्षात घ्या, सिम्फनी झाल्यावर बाईंनी विचारला म्हणून त्याने लिहून दिला.

प्रतिपक्षाला जे देणे लागते ते मात्र पुरते दिले पाहिजे. स्मेतानाच्या ‘माझ्या जीवनातून’ या १८७६ च्या रचनेत, शेवटच्या भागात सारा आनंदोत्सव अकस्मात थांबतो आणि पहिले व्हायोलिन एक उंच, कर्कश ‘ई’ धरून राहते; तो त्याच्या कानातला आवाज आहे, बहिरेपणाची वर्दी देणारा, आणि हे त्याचे स्वतःचे म्हणणे खोटे ठरवण्यास काडीचाही आधार नाही. इथे जीवन संगीतात सदेह आले आहे. परंतु ज्याला तो इतिहास ठाऊक नाही असा श्रोताही त्या क्षणी दचकतो, कारण ‘ई’ हा त्या रचनेचा आधारस्वर आहे आणि घरचाच सूर घरावर उलटल्यासारखा तिथे येतो. मेंडेलसोनलाही स्कॉटलंडच्या किनाऱ्याने काही दिले, हे खरे: ७ ऑगस्ट १८२९ च्या पत्रात त्याने ‘हेब्रिडीज’ची आरंभीची चाल घरी लिहून पाठवली, जरी ज्या फिंगलच्या गुहेचे नाव तिला जडले ती त्याने पाहिली दुसऱ्या दिवशी, आणि तीही बोट लागून बेजार अवस्थेत. पण चाल मिळाल्यावर ओव्हर्चर पुरे व्हावयास रोम, पॅरिस आणि लंडन अशी तीन वर्षे लागली, कारण मधल्या भागाला समुद्रापेक्षा काउंटरपॉइंटचाच वास अधिक येतो अशी त्याची स्वतःची तक्रार होती. किनाऱ्याने दिले ते एका संध्याकाळचे. बाकीचे त्याला स्वतःकडून वसूल करावे लागले.

हा वाद मला नुसता विद्वत्तेचा वाटत नाही, कारण या स्फूर्तिकथांमुळे काही माणसांवर उघड अन्याय झालेला आहे. क्लारा वीक ही शूमानची ‘स्फूर्ती’ होती असे सर्वत्र लिहिले जाते, जणू ती खिडकीत उभी राहिली आणि तो लिहीत गेला. वस्तुस्थिती अशी की १८३३ साली शूमानने आपली पाचव्या क्रमांकाची रचना तिने रचलेल्या एका चालीवर उभारली, त्या वेळी क्लारा पुरती चौदा वर्षांचीही नव्हती, आणि ती चाल तिच्या स्वतःच्या छापील रचनेतली होती. पुढे एफ मायनर सोनाटातही त्याने तिचीच धून घेऊन तिचा विस्तार केला. स्वरकाराने स्वरकाराकडून घेतलेले हे देणे आहे, ते प्रेमात जमा धरून पुसून टाकता येत नाही. फॅनी मेंडेलसोनचे तर याहून वाईट: तिची सहा गीते भावाच्या आठव्या आणि नवव्या क्रमांकाच्या गीतसंग्रहांत भावाच्याच नावाने छापली गेली, आणि १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने बकिंगहॅम राजवाड्यात त्यांपैकी आपले आवडते गीत त्याच्यापुढे गायिले तेव्हा हे माझ्या बहिणीचे आहे, अशी कबुली त्याला द्यावी लागली. स्फूर्तिवाद्यांच्या दप्तरात बहिणी आणि प्रेयसी यांना एकच रकाना आहे, आणि त्यात रचनाकार म्हणून नाव घालण्याची तजवीज नाही.

शेवटचा आक्षेप राहतो तो असा: श्रोत्याला काहीतरी धरावयास हवे, कथा काढून घेतली तर सामान्य माणसाने या लांबलचक, शब्दहीन संगीतात प्रवेश कुठून करावा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी देण्याऐवजी बर्लिओझकडूनच वदवणे बरे. ज्याला सिम्फनीचे कथानक सर्वांत अधिक प्रिय होते त्या या माणसाने १८४५ साली स्वरलिपी छापताना ते कथानक श्रोत्याच्या आकलनास अनिवार्य असल्याचे बजावले होते. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, त्याने हा मजकूर बदलला. सिम्फनी तिच्या ‘लेलियो’ या उत्तरभागाशिवाय एकटीच वाजवावयाची असेल तर पत्रक वाटण्याची जरुरी नाही, पाच भागांची शीर्षके तेवढी द्यावीत, आणि नाट्यहेतू बाजूला ठेवूनही ती निव्वळ संगीत म्हणून श्रोत्याला गोडी लावील अशी कर्त्याला आशा आहे, असा फेरफार त्याने केला. या वेळी हॅरिएटला जाऊन वर्ष उलटले होते. तेव्हापासून आजपर्यंत सभागृहांच्या दारात ते पत्रक वाटले जातच आहे. कर्त्याने अर्ज मागे घेतला तरी त्याच्या वकिलांनी खटला चालू ठेवला आहे.